सरजाबाईच्या स्लॅबवरचे तीन किलोवॅट

१

सरजाबाईच्या घरावर सोलरचे सहा पॅनल बसले, त्यापोटी अठ्ठ्याहत्तर हजारांची सवलतही निघाली, आणि ही गोष्ट सरजाबाईला तीन महिन्यांनी कळली. तीही स्वतः अर्ज करायला गेल्यावर.

एप्रिलमधल्या एका सकाळी ती माझ्या दारात उभी होती. घामानं भिजलेली नोटीस तिनं टेबलावर आपटली.

"रेणुकाताई, वाचा हे. मी चोर हाय म्हणं."

मी रेणुका सोनकांबळे. वीज कंपनीच्या बिलिंग विभागात एकतीस वर्षं आकडे तपासले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लातुरात कुणाचं बिल फुगलं, मीटर पळायला लागला, की माणसं अजून माझ्याकडेच येतात. नोटीस जिल्हा सौर साहाय्य कक्षाची होती. मजकूर कोरडा होता: आपल्या नवं कवठाळ येथील घरावर तीन किलोवॅटचा संच बसवून सवलत घेतली, पाहणीत संच आढळला नाही, सबब आठ दिवसांत रक्कम परत करावी किंवा खुलासा द्यावा, अन्यथा फौजदारी.

"तू अर्ज केला होतास?"

"करायला गेले तवाच तर कळलं! गेल्या सोमवारी कागदं घेऊन गेले, तर कचेरीतली पोरगी म्हणली, मावशी, तुमचं झालंय की. माणूस येऊन पाहून गेला, आन् ही नोटीस."

सरजाबाई अठ्ठावन्न वर्षांची. त्र्याण्णवच्या भूकंपात नवरा पंढरी आणि सासू, दोघंही गेले. पुनर्वसनातलं घर तिच्या नावावर मिळालं. पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, बाहेरगावच्या पोरी डॉक्टर व्हायला इथं येऊन राहू लागल्या, तशी तीही ट्यूशन एरियातल्या एका मुलींच्या हॉस्टेलवर स्वयंपाकाला लागली. एकोणीस वर्षं साठ पोरींच्या पोळ्या. आता गुडघे दुखतात म्हणून दिवाळीनंतर कायमचं गावी जायचं तिनं ठरवलं होतं, आणि म्हातारपणाची सोय म्हणून तिला एक किलोवॅट सोलर बसवायचं होतं. तिचा हिशेब पक्का होता. खर्च सदुसष्ट हजार, सवलत तीस हजार, हातचे सदतीस. महिन्याचं आठएकशे बिल शून्यावर आलं, की चार वर्षांत पैसे वसूल, पुढची वीस वर्षं ऊन फुकट.

"मला एकच पाहिजे होतं," ती म्हणाली. "दोन बल्ब, एक पंखा, एक फ्रिज. तीन किलोवॅट घेऊन मी काय गिरणी चालवू?"

"आठ दिवस आहेत. पैसे भरून मोकळं व्हायचं की..."

तिनं मला बोलू दिलं नाही.

"भूकंपाच्या टायमाला माझ्या नावावरचा तंबू कुणीतरी उचलला, ताई. यादीत माझा अंगठा होता. मी रडत बसले होते, बोलले न्हाई. चार महिने फाटक्या साडीच्या आडोशाला काढले. आता न्हाई. एक रुपया देणार न्हाई."

२

कक्षाचे अधिकारी राघवेंद्र औसेकर. माणूस वाईट नव्हता, पण कागदापलीकडचं जग त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी फाईल आमच्यापुढे सरकवली.

"आधार तुमचं. वीजबिल तुमचं. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर गेलेला. सवलत जमा झाली तीही तुमच्याच खात्यात, वीस फेब्रुवारीला. आणि त्याच दिवशी तिथून उजेड सोलर या एजन्सीला वळती झाली. आता सांगा, दुसऱ्या कुणी कसं केलं असेल?"

"कसं ते शोधायचं काम तुमचं," सरजाबाई म्हणाली. "मी केलं न्हाई, एवढंच माझं."

औसेकरांनी उसासा टाकला आणि शेवटचं पान उलटलं. त्यावर रंगीत फोटो होता. निळे चकचकीत पॅनल, वर मोकळं आभाळ, आणि पॅनलला हात लावून सरळ उभी असलेली हिरव्या साडीतली बाई. खाली पांढऱ्या अक्षरांत ठसा: नवं कवठाळ, तालुका औसा, १४ जानेवारी, दुपारी १२.३०.

मी फोटो पाहिला, मग शेजारी पाहिलं. सरजाबाईचा चेहरा उतरला होता.

"ही तुम्हीच ना?" औसेकरांनी विचारलं.

सरजाबाईनं फोटो डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "हाव. मीच हाय."

३

बाहेर आल्यावर मी तिला रिक्षा स्टँडजवळच्या बाकावर बसवलं.

"खरं सांग. कुठं काढलास हा फोटो?"

"ध्यानात येईना, ताई. हॉस्टेलच्या पोरी दिवसातून दहा फोटो काढतात. मावशी इकडं बघा, मावशी हसा. कामाच्या दोन साड्या, दोन्ही हिरव्या. कसं सांगू?"

"संक्रांतीला तू कुठं होतीस?"

"गावी. दरसाल जाते. वाण द्यायला. दोन दिवसांची रजा." ती थबकली. "म्हणजे गावात होतेच की मी त्या दिवशी! आता तर लोकं म्हणतीलच..."

ज्यानं तारीख टाकली होती, त्यानं विचार करून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवं कवठाळला गेलो. पुनर्वसनाची गावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको: एकसारख्या रांगा, एकसारखी घरं, सपाट स्लॅब. सरजाबाईचं घर दुसऱ्या रांगेत. किल्ली तिच्या पुतण्याकडे असते. मारोती हा चुलतदिराचा मुलगा. तो तिचं बिल भरतो, घर झाडून घेतो, आणि एटीएम कार्डही त्याच्याकडेच असतं. महिन्याला पैसे काढून तो तिला पोचवतो.

"काकू, आईशपथ, मला न्हाई माहीत," मारोती म्हणाला. तो घाबरलेला होता. गावात कुजबुज सुरू झालीच होती. "कार्डानं मी दरमहा चार हजार काढतो, तेवढंच. अठ्ठ्याहत्तर आले कवा आन् गेले कवा, मी बघितलंच न्हाई."

"बँकेचा मेसेज?"

"मेसेज काकूच्या मोबाइलवर."

"आन् तो इंग्रजीत," सरजाबाई म्हणाली.

मी शिडी लावून स्लॅबवर चढले. कुठंही बोल्टचं छिद्र नव्हतं, गंजाचा डाग नव्हता. मीटर पाहिला. गावात दोन्ही बाजूंनी युनिट मोजणारे नवे मीटर आधीच बसले होते, आणि या मीटरनं बाहेर दिलेले युनिट शून्य दाखवले. तिथूनच मी औसेकरांना फोन लावला.

"मॅडम," ते म्हणाले, "छिद्र न पाडता सिमेंटच्या ठोकळ्यांवरही संच बसवतात. आणि युनिट शून्य, म्हणजे फोटो काढून लगेच पॅनल विकले. उलट तुमच्या बाईंविरुद्धच जातं हे."

फोन बंद करून मी तशीच उभी राहिले. दुपारचे साडेबारा झाले होते. डोक्यावर ऊन रणरणत होतं. माझी सावली पायापाशी गोळा झाली होती, जेमतेम वीतभर, पण होती. मी पिशवीतून फोटोची प्रत काढली.

हिरव्या साडीतल्या बाईच्या पायाशी काहीच नव्हतं. ना डावीकडे, ना उजवीकडे, ना मागे. कडक ऊन होतं, पॅनल लखलखत होते, पण सरजाबाईला सावली नव्हती.

४

इरा जोशी ही क्लासेसमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारी मुलगी. मी तिला शाळकरी असल्यापासून ओळखते. फोटो पाहून तिनं कागद मागितला आणि उभी रेघ काढली.

"चौदा जानेवारीला सूर्य दक्षिणेला कललेला असतो, काकू. पाच फुटी बाईची सावली भर दुपारीसुद्धा चार फूट पडणार, उत्तरेकडे. या फोटोत ती दिसायलाच हवी. नाही दिसत, म्हणजे हा जानेवारी नाहीच."

"मग कोणता महिना?"

"आपल्याकडे वर्षातून दोनच वेळा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला. जुलैत ढग असतात. असं कोरडं आभाळ म्हणजे मे." ती बोलता बोलता थांबली. "अय्या. थांबा."

तिनं मोबाइल काढून मागं मागं सरकवत नेला आणि माझ्यापुढे धरला. तोच फोटो, पण पूर्ण. पॅनलच्या ओळीपुढे तीन बायका रांगेत: मध्ये सरजाबाई, एका बाजूला निलंग्याकडची गुरम्मा, दुसऱ्या बाजूला नागुबाई. हॉस्टेलच्या तिघी स्वयंपाकिणी. मागे कठड्याशी पोरींचा घोळका.

"गेल्या वर्षी चौदा मेला मी मुलींना शून्य सावली दाखवायला हॉस्टेलच्या गच्चीवर नेलं होतं. पॅनल नुकतेच बसले होते. मुलींनी मावश्यांनाही ओढून आणलं. ह्याच्यातूनच कापलाय तो."

"हा तू कुणाला दिलास?"

"हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला. त्यात सगळ्या मुली, हॉस्टेलचे मालक उद्धव सर, आणि भीमाशंकर. तो पॅनलची देखभाल करतो ना, म्हणून सरांनी त्याला घेतलं होतं."

भीमाशंकर म्हणजे उजेड सोलरचा मालक. ज्याच्या खात्यात पैसे गेले, तोच.

त्याचं दुकान नांदेड रोडवर होतं. दुकान कसलं, तारांची भेंडोळी आणि एक खुर्ची. मी सरळ विचारलं, सरजाबाईच्या खात्यातून अठ्ठ्याहत्तर हजार आले, ते कशाचे?

"मालाचे," तो म्हणाला. "म्या पॅनल दिले, पैशे घेतले. त्यात काय बेइमानी?"

"पॅनल कुठं बसवलेस?"

"म्या... मालकानं सांगितलं तिथं."

"कुठल्या मालकानं? बिलावर तर सरजाबाईचं नाव आहे."

भीमाशंकरनं हातातली पक्कड खाली ठेवली. "मॅडम, मला लेकरंबाळं हायत," म्हणाला, आणि दुकानाचं शटर ओढायला लागला.

५

औसेकरांनी खुलासा ऐकायला ठेवलेल्या सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी सरजाबाईनं मला हॉस्टेलवर बोलावलं. मालक उद्धव माने यांना माझ्याशी बोलायचं होतं. मऊ आवाजाचा माणूस. पोरींना "बेटा" म्हणायचा, परगावच्या आईबापांचा त्याच्यावर भरवसा होता. ऑफिसात स्वच्छ टेबल, चहा, आणि टेबलाच्या कडेला चार्जरला लावलेले तीन साधे मोबाइल.

"हे कुणाचे?" मी विचारलं.

"आमचे," सरजाबाई म्हणाली. "भटारखान्यात प्लग कुठाय? सकाळी लावायचे, जाताना घ्यायचे."

उद्धवनं एक कागद पुढं केला.

"सोनकांबळे मॅडम, मावशींना तुम्हीच समजवा. एकोणीस वर्षांची माझी माणसं आहेत ही. पैसे मी भरतो, अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर. त्यांनी फक्त सही करायची, की संच बसवला होता, वाऱ्यानं मोडला, गैरसमज झाला. विषय संपला. म्हाताऱ्या बाईनं कचेऱ्यांच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या? संक्रांतीच्या दिवशी कोण कुठं उभं होतं, हे आता कुणाच्या लक्षात असतं?"

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला.

सरजाबाईनं कागद दोन बोटांत धरून उलटा ठेवला. "सर, तुमचे उपकार लई हायत. पर जे केलंच न्हाई त्याच्यावर माझी सही येणार न्हाई. मला दान नको. माझं नाव साफ पाहिजे."

"मग उद्या अटक झाली तर?"

"तर उद्याच्या पोळ्या तुम्ही लाटा."

निघताना मी तिला घेऊन गच्चीवर गेले, पॅनल मोजले आणि उतरताना जिन्यात एकच विचारलं. फोटोवरची तारीख तू कुणाला सांगितलीस? ती म्हणाली, कुणालाच नाही. मीही नाही. फक्त इराला सांगितली होती, आणि तिला कुणाशी बोलू नकोस असंही बजावलं होतं. नोटिशीत तारखेचा उल्लेखच नव्हता.

मग मी तिला दुसरं काम सांगितलं. "गुरम्मा आणि नागुबाईला उद्या आधार आणि वीजबिल घेऊन यायला सांग. आणि आजपासून तिघींचे मोबाइल कमरेला."

६

औसेकरांच्या खोलीत सातजण मावले. आम्ही चौघी बायका, इरा, नोटिशीवरून आलेला भीमाशंकर, आणि "मावशींना आधार द्यायला" आलेला उद्धव. मी आधी औसेकरांना दोन नावं तपासायला सांगितली. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये आधारचे आकडे टाकले आणि चष्मा काढला.

गुरम्माच्या नावावर निलंगा तालुक्यात तीन किलोवॅट. नागुबाईच्या नावावर चाकूरला तीन किलोवॅट. तारखा वेगळ्या, सवलत तीच.

"अय्यो, नंदू? माझं?" गुरम्मा आधी कानडीत, मग मराठीत ओरडली. "माझ्या घरावर पत्रा हाय, त्याच्यावर कोंबड्या बसतात!"

इरानं मूळ फोटो दाखवला आणि सावलीचा हिशेब समजावला. औसेकरांनी तो स्वतः कागदावर काढून पाहिला. माणूस कागदाचाच असला तरी भूमिती त्याला कळत होती.

"म्हणजे फोटो मे महिन्यातला, हॉस्टेलच्या गच्चीवरचा," ते सावकाश म्हणाले. "पण हा कुणी वापरला?"

"तीन गोष्टी लागत होत्या," मी म्हणाले. "पहिली, फोटो. तो ग्रुपवरच्या लोकांकडे होता. मारोती त्या ग्रुपात नाही, म्हणून त्याला सोडा. दुसरी, तारीख. संक्रांतीला सरजाबाई गावी असणार हे ज्याला ठाऊक, तोच ती टाकणार. भीमाशंकरला तिच्या रजेचं काय माहीत? इराला काय माहीत? तिसरी, ओटीपी. दिवसभर या तिघींचे मोबाइल ज्या टेबलावर असतात, तिथं बसणाराच तो वाचू शकतो, अर्जाचाही आणि बँकेचाही; नोकरीसाठी दिलेल्या आधार, पासबुक, वीजबिलाच्या प्रतीही तिथंच असतात. तिन्ही गोष्टी असलेला माणूस एकच. आणि काल त्यानं मला संक्रांतीचा दिवस स्वतःच्या तोंडानं सांगितला. तो दिवस या फाईलबाहेर फक्त सरजाबाई, इरा आणि मला ठाऊक होता."

उद्धव हसला. "कशासाठी, मॅडम? तीन बायकांच्या पैशांसाठी?"

"पॅनलसाठी. हॉस्टेलचं कनेक्शन व्यापारी. युनिटचा दर घरगुतीच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून सोलरचा फायदाही तुम्हाला सगळ्यांत जास्त. पण व्यापारी जोडणीला ही सवलत मिळत नाही. तुमच्या गच्चीवर अठरा पॅनल आहेत, काल मोजले. एका घराला सहा. सहा त्रिक अठरा. अठ्ठ्याहत्तर त्रिक दोन लाख चौतीस हजार. संचाचा निम्मा खर्च तुम्ही तीन स्वयंपाकिणींच्या नावांवर काढलात. साहेब, अर्जात पॅनलचे क्रमांक दिलेले असतात. पंधरा मिनिटांवर हॉस्टेल आहे. गच्चीवर चढून पॅनलच्या पाठी वाचा."

भीमाशंकर खाली मान घालून म्हणाला, "वाचायची गरज न्हाई साहेब. कॉम्प्युटरचं सगळं सरच भरायचे, माझ्या नावानं. मला म्हणले, बायकांची मर्जी हाय, त्यांनी आपली सवलत मला दिली. म्या विचारलं न्हाई. ते चुकलं."

औसेकर तरीही उठले आणि आम्हा सगळ्यांना घेऊन हॉस्टेलच्या गच्चीवर क्रमांक वाचायला गेले. पहिले सहा जुळले तेव्हा त्यांनी कागदावर खुणा केल्या. अठरावा जुळला तेव्हा त्यांनी गच्चीवरूनच पोलिसांना फोन केला.

७

त्या गच्चीवर उद्धवनं सरजाबाईपुढे हात जोडले. आवाज अजून मऊच होता.

"मावशी, माझं जाऊ द्या. पोरींचा विचार करा. परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. गुन्हा दाखल झाला तर हॉस्टेल बंद पडेल. साठ पोरी रस्त्यावर येतील. त्यांचं वर्ष तुमच्यामुळं जाईल."

मला वाटलं, आता ती वाकेल. त्या पोरींवर तिचा जीव होता. कुणाला उपवासाला काय लागतं, कुणाला तिखट सोसत नाही, तिला सगळं पाठ होतं. जिन्याच्या दारात त्यातल्या दहाबारा पोरी येऊन उभ्याही होत्या.

सरजाबाईनं पदर खोचला.

"पोरींनो, सकाळचा नाष्टा साडेसातलाच मिळंल. परीक्षेच्या दिवसापर्यंत आम्ही तिघी इथंच हाव. पगार असो नसो." मग ती उद्धवकडे वळली. "आन् सर, माझ्यामुळं म्हणू नका. माझ्यामुळं इथं फक्त स्वयंपाक झाला. बाकीचं तुमच्यामुळं."

एक उंच पोर पुढं आली, अर्धापूरकडची असावी. "मावशी, सामान आम्ही वर्गणी काढून आणू. तुम्ही जाऊन या पोलिसांत."

गुरम्मानं नागुबाईचा हात धरला आणि तिघी जिना उतरल्या.

पोलीस ठाण्यात हवालदारानं फॉर्म घेतला. नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं. इतक्या फिर्यादी लिहून त्याचा हात सरावला होता. पुढच्या रकान्यात त्यानं न विचारताच "मजुरी" लिहायला सुरुवात केली.

"थांबा," सरजाबाई म्हणाली. "काय लिहायलाव?"

"धंद्याचा रकाना आहे, मावशी. स्वयंपाकीण लिहू का?"

"स्वयंपाक करते, त्याची लाज न्हाई. पर ही फिर्याद स्वयंपाकिणीची न्हाई." तिनं फॉर्मवर बोट ठेवलं, जिथं शब्द यायचा होता तिथं. "खोडा ते. घरमालकीण लिहा."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी सरजाबाईकडे बोट दाखवलं.

त्यानं खोडलं आणि लिहिलं. सरजाबाईनं कागद ओढून घेतला, अक्षर अक्षर लावत वाचला, आणि सही केली.